मिती पाठ करू नका, रकाने मांडा: साधित राशींची मिती काढण्याची रीत

शिकत असताना मी मितीय सूत्रांची, म्हणजे बल, दाब अशा राशी वस्तुमान, लांबी, काळ यांतून कशा घडतात ते सांगणाऱ्या सूत्रांची, चाळीसेक ओळींची यादी भिंतीवर चिकटवली होती. रोज सकाळी दात घासताना वाचायचो. परीक्षेत पृष्ठताण आणि श्यानता, म्हणजे व्हिस्कॉसिटी, दोन्ही आल्या आणि मी एकीचं उत्तर दुसरीला लिहून मोकळा झालो. घरी येऊन ताडून पाहिलं. पाठांतरात एक अक्षर चुकलं नव्हतं, फक्त कुठली ओळ कुणाची हे निसटलं होतं. त्या दिवशी यादी फाडली. त्यानंतर मिती काढण्यासाठी जी रीत धरली ती आजतागायत सोडलेली नाही, आणि तीच इथे सांगतो आहे.

जवळ काय हवं? कोरा कागद, पेन्सिल आणि व्याख्यांची वही. मितींची यादी नकोच. बल म्हणजे काय, दाब म्हणजे काय, विभवांतर (व्होल्टेज) म्हणजे काय हे एका ओळीत सांगता येत असेल तर तुमची तयारी झाली. येत नसेल तर आधी तिकडे वळा, कारण मिती चुकते तेव्हा बहुतेक वेळा व्याख्याच कच्ची असते.

१. विचारलंय काय ते आधी ओळखा

एकक वेगळं, मिती वेगळी. लांबी मीटरमध्ये मोजा, इंचात मोजा की प्रकाशवर्षांत, ती लांबीच राहते. मिती एवढंच सांगते की एखादी राशी मूळ राशींपासून कशी घडली: कोण किती वेळा गुणलं गेलं, कोण किती वेळा भागलं गेलं.

एसआय, म्हणजे एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत मूळ राशी सात आहेत: लांबी, वस्तुमान, काळ, विद्युतधारा, तापमान, पदार्थाचं प्रमाण आणि प्रकाशतीव्रता. पदार्थाचं प्रमाण, म्हणजे मोल, या पंगतीत सगळ्यात शेवटी, १९७१ साली येऊन बसलं. पण सात ऐकून घाबरू नका. यांत्रिकीचा सगळा संसार पहिल्या तिघांवर चालतो. वीज आली की चौथी, उष्णता आली की पाचवी. उरलेल्या दोघींशी सुरुवातीला क्वचितच गाठ पडते.

२. तीन रकाने आखा

कागदावर तीन रकाने आखा: वस्तुमान, लांबी, काळ. क्रम कधीही बदलायचा नाही. तो विसरू नये म्हणून मी ‘वलांका’ म्हणतो. शब्दाला अर्थ काही नाही, पण क्रम चुकत नाही. आता प्रत्येक राशी म्हणजे तीन आकड्यांचं एक त्रिकूट, आणि हे आकडे म्हणजे त्या-त्या मूळ राशीचे घातांक:

वस्तुमान (१, ०, ०)
लांबी (०, १, ०)
काळ (०, ०, १)

नियम मोजके आहेत. दोन राशींचा गुणाकार असेल तर त्रिकुटांची बेरीज करा. भागाकार असेल तर अंशातून छेद वजा करा. वर्ग असेल तर तिन्ही आकडे दुप्पट, वर्गमूळ असेल तर निम्मे. आणि सूत्रातले अर्धा, दोन, पाय (π) असे सुटे आकडे खुशाल सोडून द्या. त्यांचं त्रिकूट (०, ०, ०), त्यांच्या असण्यानसण्याने काही बदलत नाही.

उत्तरपत्रिकेत मात्र त्रिकूट लिहून येऊ नका. तिथे चौकटी कंसात एम, एल, टी ही रोमन अक्षरं लिहायची आणि आपले तीन आकडे त्याच क्रमाने त्यांच्या डोक्यावर चढवायचे. ही कंसांची लेखनपद्धत भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्यामुळे रुळली. पण रकान्यांची कल्पना त्याहून जुनी आहे, आणि ती माझी तर मुळीच नाही. फ्रेंच गणितज्ञ जोझेफ फूरिए यांनी १८२२ साली उष्णतेवरच्या ग्रंथात असाच तक्ता दिला होता. त्यांचे रकाने होते लांबी, काळ आणि तापमान. हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर भिंत वाचली असती.

३. व्याख्या धरून एकेक पायरी चढा

कुठलीही साधित राशी, म्हणजे मूळ राशींपासून बनलेली राशी, थेट मूळ राशींपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नका. एक पायरी खाली बघा, तिथलं त्रिकूट आधीच काढलेलं असतं.

क्षेत्रफळ: लांबी × लांबी, (०, २, ०)
घनफळ: आणखी एक लांबी, (०, ३, ०)
घनता: वस्तुमान ÷ घनफळ, (१, −३, ०)
वेग: विस्थापन ÷ काळ, (०, १, −१)
त्वरण: वेगातला बदल ÷ काळ, (०, १, −२)
संवेग: वस्तुमान × वेग, (१, १, −१)
बल: वस्तुमान × त्वरण, (१, १, −२)
कार्य: बल × विस्थापन, (१, २, −२)
शक्ती: कार्य ÷ काळ, (१, २, −३)
दाब: बल ÷ क्षेत्रफळ, (१, −१, −२)

ही साखळी एकदा स्वतःच्या हाताने लिहा. माझी वाचून ‘समजलं’ म्हणू नका. वाचताना सगळंच समजतं. लिहिताना बलापाशी एक क्षण थांबाल, कारण यापुढे जवळपास प्रत्येक गोष्ट बलातूनच जाते. पाठ करायचंच असेल तर फक्त बलाचं त्रिकूट पाठ करा.

एकाच राशीला चार सूत्रं असतील तर कुठलं घ्यावं? सगळ्यात छोटं. ऊर्जेसाठी वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग घेतला तर (१, ०, ०) अधिक दोनदा (०, १, −१), म्हणजे (१, २, −२). कार्याच्या वाटेनेही हेच आलं होतं. पुढचा अर्धा आपण सोडून दिला, तरी बिघडलं नाही. दोन वाटांनी एकच उत्तर येणं ही फुकटातली पडताळणी आहे. वेळ असेल तेव्हा ती जरूर करा.

४. स्थिरांकाची मिती हवी असेल तर सूत्र फिरवा

बहुतेकांची गाडी इथे अडते. ‘गुरुत्व स्थिरांकाची मिती काढा’ म्हटलं की वाटतं, स्थिरांक म्हणजे आकडा, त्याला कसली मिती? पाय हा नुसता आकडा आहे, पण निसर्गातले बरेच स्थिरांक तसे नसतात. ते ज्या सूत्रात राहतात त्या सूत्राच्या दोन्ही बाजू जुळवून देण्याचं काम त्यांच्याकडे असतं. म्हणून ते सूत्र शोधा, स्थिरांकाला एका बाजूला एकटं काढा आणि उरलेल्यांची त्रिकुटं मांडा.

न्यूटनच्या नियमात बल = स्थिरांक × दोन वस्तुमानं ÷ अंतराचा वर्ग. म्हणून स्थिरांक = बल × अंतराचा वर्ग ÷ दोन वस्तुमानं. (१, १, −२) अधिक (०, २, ०) वजा (२, ०, ०), उत्तर (−१, ३, −२). वस्तुमान उणे दिसलं म्हणून दचकू नका, ते बरोबर आहे. फक्त हा मोठा जी. छोटा जी म्हणजे गुरुत्व त्वरण, आणि त्याचं त्रिकूट इतर कुठल्याही त्वरणासारखं (०, १, −२). घाईत अक्षर बारीक आलं की उत्तर दुसऱ्याच राशीचं होतं.

आता माझी जुनी वैरीण, श्यानता. ती जरा सावकाश करू, कारण उणे चिन्हांची सगळी गंमत तिच्यात एका जागी आहे. द्रवाचा एक थर दुसऱ्यावरून सरकतो तेव्हा लागणारं बल = श्यानता × क्षेत्रफळ × वेगाचा चढ. वेगाचा चढ म्हणजे एका थराकडून दुसऱ्याकडे जाताना वेग किती बदलला, भागिले त्यांच्यातलं अंतर.

आधी चढ: वेग (०, १, −१) वजा लांबी (०, १, ०) म्हणजे (०, ०, −१).
मग छेद पूर्ण करा: क्षेत्रफळ (०, २, ०) अधिक (०, ०, −१) म्हणजे (०, २, −१).
शेवटी बलातून छेद वजा: वस्तुमान १ − ० = १. लांबी १ − २ = −१. काळ −२ − (−१) = −१.

उत्तर (१, −१, −१). तो तिसरा रकाना पुन्हा पाहा. उणे दोनातून उणे एक वजा. घाईत इथे हमखास −३ लिहिलं जातं. माझा उपाय अगदी बाळबोध आहे: छेदाचं त्रिकूट मी वेगळ्या ओळीत लिहितो, त्याची सगळी चिन्हं उलटवतो आणि मग सरळ बेरीज करतो. वजाबाकी मनात करतच नाही.

पृष्ठताण त्यामानाने सोपा, बल ÷ लांबी, (१, ०, −२). दोघांची अदलाबदल आता होऊच शकत नाही. पाठच केलेलं नाही, तर अदलाबदल कशाची होणार?

५. वीज आणि उष्णता: आणखी एक रकाना

विजेसाठी चौथा रकाना विद्युतधारेचा. नवशिक्यांना वाटतं प्रभार ही मूळ राशी असेल, कारण पुस्तकात तो आधी येतो. एसआयमध्ये मूळ राशी धारा आहे. प्रभार = धारा × काळ, म्हणून (०, ०, १, १). पुढची साखळी इथून सुरू होते:

विभवांतर: कार्य ÷ प्रभार, (१, २, −३, −१)
रोध: विभवांतर ÷ धारा, (१, २, −३, −२)
कपॅसिटन्स: प्रभार ÷ विभवांतर, (−१, −२, ४, २)

रोध आणि कपॅसिटन्स यांची बेरीज करून पाहा: (०, ०, १, ०). नुसता काळ! कपॅसिटर भरायला लागणारा वेळ या दोघांच्या गुणाकारावर का ठरतो, याची पहिली चाहूल मला या बेरजेतून लागली होती. भौतिकशास्त्र नंतर समजलं.

उष्णतेसाठी तापमानाचा रकाना जोडा, बाकी काही नवीन नाही. विशिष्ट उष्माधारकता म्हणजे उष्णता भागिले वस्तुमान, भागिले तापमानातला बदल. उष्णता ही ऊर्जाच, म्हणून वस्तुमान कटतं आणि (०, २, −२) उरतं, वर तापमानाच्या रकान्यात −१.

६. सूत्र आठवत नसेल तर एककाकडून या

एकक माहीत असेल तर तेच फोडा. पृष्ठताण न्यूटन प्रतिमीटर, न्यूटन म्हणजे बल, झालं. प्लांकचा स्थिरांक ज्यूल-सेकंद, म्हणजे (१, २, −२) अधिक (०, ०, १), उत्तर (१, २, −१). ही आडवाट आहे आणि मी ती बिनदिक्कत वापरतो. मात्र एकक चुकीचं आठवलं तर सांभाळून घेणारं कुणी नसतं.

७. हे सापळे बघून ठेवा

अधिक चिन्ह. आपल्या रीतीतला सगळ्यात मोठा धोका हाच, म्हणून आधी सांगतो. राशींचा गुणाकार असतो तेव्हा आपण त्रिकुटं मिळवतो. पण सूत्रातच अधिक असेल तर काहीही मिळवायचं नाही. विस्थापन = वेग × काळ + अर्धा × त्वरण × काळाचा वर्ग. पहिलं पद (०, १, ०), दुसरं पदही (०, १, ०), आणि उत्तर (०, १, ०)च. दोन लांबींची बेरीज लांबीच असते, क्षेत्रफळ नव्हे.

हेच अधिक चिन्ह उलट कामालाही येतं. वायूसाठीच्या व्हॅन डर वाल्स समीकरणात दाबाला ‘ए भागिले घनफळाचा वर्ग’ हे पद मिळवलेलं असतं. मोलचा रकाना तूर्त बाजूला ठेवू. दाबात मिळवता येतं म्हणजे ते पद दाबाच्याच जातीचं असलं पाहिजे. म्हणून ए = दाब × घनफळाचा वर्ग, (१, −१, −२) अधिक (०, ६, ०), उत्तर (१, ५, −२). समीकरणाचा अर्थ कळला नाही तरी चालतं.

साइन, लॉग आणि घातांक. यांच्या पोटात जे जातं त्याचं त्रिकूट (०, ०, ०)च असलं पाहिजे. तरंगाच्या सूत्रात साइनच्या कंसात ‘के गुणिले अंतर’ दिसलं की केची मिती लगेच (०, −१, ०). किरणोत्सारी ऱ्हासात घातांकावर ‘स्थिरांक गुणिले काळ’ असतं, म्हणून तो स्थिरांक (०, ०, −१).

मितीरहित पण एकक असलेली राशी. कोन म्हणजे चाप भागिले त्रिज्या, लांबी भागिले लांबी, (०, ०, ०). तरी त्याला रेडियन हे एकक आहे. त्यामुळे कोनीय वेग आणि वारंवारता दोन्ही (०, ०, −१). विकृतीला, म्हणजे लांबीतला बदल भागिले मूळ लांबी, तर एककही नाही.

सारखी मिती, वेगळी राशी. कार्य आणि टॉर्क (फिरवणाऱ्या बलाचा परिणाम, बल × अंतर) दोन्ही (१, २, −२). दाब, प्रतिबल (बल ÷ क्षेत्रफळ) आणि यंगचा गुणांक (प्रतिबल ÷ विकृती) तिघांचंही (१, −१, −२). वर आलेला प्लांकचा स्थिरांक आणि कोनीय संवेग यांचंही त्रिकूट एकच, (१, २, −१). मितीवरून राशी ओळखा असा प्रश्न आला तर एकाच उत्तरावर थांबू नका.

लपलेला एक. ‘एनव्या सेकंदात कापलेलं अंतर = सुरुवातीचा वेग + त्वरण × (एन − अर्धा)’ हे सूत्र पाहून अनेकांची झोप उडते. डावीकडे लांबी, उजवीकडे वेग! सूत्र बरोबर आहे. उजवी बाजू एका सेकंदाने गुणलेली आहे, आणि एकाने गुणलं म्हणून तो एक लिहायचा राहिला आहे. आकडा एकच असला तरी त्याच्या अंगावर सेकंद आहे.

वजन. बोलताना आपण वस्तुमानालाच वजन म्हणतो. गणितात वजन हे बल आहे, (१, १, −२).

आणि एककांची गल्लत मिती पकडत नाही. १९९९ साली मार्स क्लायमेट ऑर्बायटर हे यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेगाचे (बल × काळ) आकडे पाउंड-सेकंदांत दिले होते आणि घेणाऱ्याने ते न्यूटन-सेकंद धरले. प्रत्येक आकड्यात सुमारे ४.४५ पटींचा फरक. मिती दोन्हीकडे (१, १, −१), चोख जुळलेली. कुणी मिती तपासली असती तरी सगळं ठीक आहे असंच दिसलं असतं.

८. हात बसला की उलटं चालून बघा

आतापर्यंत सूत्रावरून मिती काढली. मितीवरून सूत्रही काढता येतं. त्यासाठी लंबकाचं उदाहरण सगळीकडे असतं, मी दुसरं देतो.

जुलै १९४५ मध्ये अमेरिकेत पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. स्फोटाची ऊर्जा गुप्त होती, पण आगीच्या गोळ्याचे फोटो पुढे प्रसिद्ध झाले, वेळ आणि मापपट्टीसकट. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी त्यावरून ऊर्जेचा हिशेब मांडला आणि १९५० साली छापला. त्यांचं गणित बरंच खोल आहे, पण त्याचा सांगाडा आपल्या रकान्यांत मावतो.

गोळ्याची त्रिज्या कशावर ठरेल? स्फोटाची ऊर्जा (१, २, −२), स्फोटानंतर गेलेला काळ (०, ०, १) आणि भोवतालच्या हवेची घनता (१, −३, ०). या तिघांतून लांबी बनवायची आहे. वस्तुमान घालवायचं तर ऊर्जेला घनतेने भागा: (०, ५, −२). काळ घालवायचा तर काळाच्या वर्गाने गुणा: (०, ५, ०). आता पाचवं मूळ घ्या, (०, १, ०). लांबी मिळाली. म्हणजे त्रिज्येचा पाचवा घात = ऊर्जा × काळाचा वर्ग ÷ घनता, पुढे एखादा सुटा आकडा असलाच तर असेल.

आकडे घाला. ०.०२५ सेकंदाला त्रिज्या सुमारे १४० मीटर होती, आणि हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रतिघनमीटर धरू. १४० चा पाचवा घात सुमारे ५,३७८ कोटी. त्याला १.२ ने गुणा, काळाच्या वर्गाने, म्हणजे ०.०००६२५ ने भागा. सुमारे १०३ लाख कोटी ज्यूल येतात. एक किलोटन टीएनटी (स्फोटांची ऊर्जा ज्या स्फोटकाच्या मापात सांगतात ते) म्हणजे ४.१८४ लाख कोटी ज्यूल, म्हणून उत्तर पंचवीसच्या जरासं खाली. त्या स्फोटासाठी धरला जाणारा आकडा २० ते २५ किलोटनांच्या दरम्यान आहे.

यात नशिबाचा भागही आहे, तो लपवत नाही. तो सुटा आकडा किती हे मिती कधीच सांगत नाही. इथे तो एकच्या अगदी जवळ निघाला म्हणून एवढं जमलं. लंबकाचा आवर्तकाल याच रीतीने काढाल तर दोन पाय हातून सुटेल आणि उत्तर सहापटींहून जास्त कमी येईल. तिथे सुट्या आकड्यासाठी पूर्ण गणितच करावं लागतं.